पायाळू पोरीची वीज

१० एप्रिल
सकाळची शाळा. पहिल्या तासालाच पत्रा तापला. चौथीला वीज शिकवायला घेतली. पुस्तकात मोजक्या ओळी. पण मंगळवेढ्याकडच्या या माळावर अवकाळीत दरवर्षी कुणाचं तरी जनावर जातं, कधी माणूस. मोजक्या ओळींत कसं भागेल?
विचारलं, "वीज कुणावर पडते?" सगळे हात वर. "पायाळूवर!" आणि सगळ्या माना कोमलकडं.
जन्मताना कोमलचे आधी पाय आले, एवढंच. तेवढ्यावरून आभाळ भरलं की तिच्याजवळ कुणी बसत नाही. एरवी कुणाच्या कंबरेत चमक भरली की तोच माणूस तिच्या दारात, पाठीला पोरीचा पाय लावून घ्यायला. माना वळल्या तरी ती हसत होती. ते हसू बघवलं नाही.

१२ एप्रिल
प्लॅस्टिकची फणी आणि कागदाचे कपटे नेले. कोरड्या केसांवर फणी घासली की कपटे उडून चिकटतात. म्हटलं, ढगात असंच होतं, बर्फाचे बारीक कण एकमेकांवर आपटतात, घासतात, वीज साठत जाते. कोमल आज न्हाऊन आलेली, तिच्या केसांवर झकास जमलं. झालं! श्रेयस ओरडला, "बगा बाई, हिच्यातच वीज हाय!"
बाकीची डोकी तेलानं चोपडलेली, तिथं काही होईना. माझाच प्रयोग माझ्यावर उलटला. शेवटी सांगितलं, उद्या सगळ्यांनी न्हाऊन या. तेल नको.

१३ एप्रिल
सगळी न्हाऊन हजर. वर्गभर कपटे. सगळ्यात जास्त श्रेयसच्या फणीला. कोमल त्याला म्हणाली, "आता तूबी पायाळू." पोरं हसून लोळली. मीही. वर्गात एवढी कधी हसले होते, आठवत नाही. घरी येताना एसटीत खिडकीशी बसून उगाच बरं वाटत होतं. ही नोकरी मिळाली, ही पोरं मिळाली. बरं झालं.

१९ एप्रिल
आज कारणं. तापलेली जमीन, वर चढणारी दमट हवा, ढग उंच उंच का होतो. मग मैदानात सराव. ढग गडगडला की पक्क्या घरात पळायचं. झाडाखाली नाही. घर जवळ नसेलच तर उघड्यावर उकिडवं, पाय जुळवून, एकमेकांपासून लांब.
कोमल जवळ येऊन हळूच, "बाई, लांब बसायचं ते सगळ्यांनीच न्हवं? का मी एकटीनं?"
"सगळ्यांनी."
पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. मग गेली.

२४ एप्रिल
जमेल तसं लिहिते.
काल दुपारी कोमल तिच्या आजोबांबरोबर मेंढ्यांकडं गेली होती. आबा म्हणतात त्यांना सगळे. एकाएकी वारा, काळं आभाळ. आबा मेंढ्या घेऊन लिंबाखाली थांबले. जवळपास एकही घर नाही. कोमल म्हणाली, हितं नको. ऐकेनात. तेव्हा ती उघड्या रानात जाऊन उकिडवी बसली, "तुमी येस्तवर मी उठणार न्हाय." आबा चिडले, तिला ओढून आणायला झाडाखालून निघाले. तिच्यापर्यंत पोचायच्या आतच मागं लिंबावर वीज पडली.
झाडाखालच्या मेंढ्या गेल्या. आबा पडले, पण उठले. पोरगी सुखरूप.
सकाळी हे कळलं आणि मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. पोरांना डोळे दिसू नयेत म्हणून.

२५ एप्रिल
कोमल शाळेत नाही. तिच्या शेजारच्या शालनकाकू वस्तीभर सांगतायत, पायाळू पोर रानात नेली म्हणूनच पडली. निम्म्या वस्तीला पटलंय.
शाळा सुटल्यावर हेडसरांना घेऊन घरी गेले. आबा खाटेवर, कानात कापूस.
"बाई, जोरानं बोला. कानात लई गुणगुण हाय." मग स्वतःच बोलत राहिले, "वीज हिच्यावर पडायची, तर ही पोर उघड्यावर बसल्याली की. झाडावर कशाला गेली? ह्येचं उत्तर शालन देत न्हाय." कप उचलून म्हणाले, "मेंढरं गेली, जीव तुटतोय. पण मी हितं बसून तुमच्यासंगं च्या पितोय."
कोमल दाराआड. बाहेर येईना. मीच आत जाऊन बसले.
"बाई, खरंच माज्यामुळं न्हवं?"
"नव्हे गं."
"फणीची शप्पत?"
"फणीची शपथ."
तेव्हा रडली. परवापासून पहिल्यांदाच, तिची आई म्हणाली.

२७ एप्रिल
आबा स्वतः तिला सोडायला आले. वर्गात उभे राहिले, सगळं सांगितलं. बहिरेपणामुळं आवाज चढा, पोरं टक लावून. शेवटी मला हात जोडले. मी काय केलं? चार गोष्टी सांगितल्या. आजोबा रागावतील हे माहीत असून उघड्यावर बसून राहायचं धाडस तिचं. तरी ते जोडलेले हात... जन्मभर पुरतील.
श्रेयसच्या आईनं निरोप धाडला, पोराला तिच्याशेजारी बसवू नका. तो दुसऱ्या टोकाला बसला. मधल्या सुट्टीत मात्र शेंगाची चटणी घेऊन कोमलजवळ. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

६ मे
सुट्टी. सोलापुरात घरी. संध्याकाळी आभाळ भरलं, आणि आबांच्या नंबरवरून फोन. कोमल.
"बाई, हितं ढग आल्यात. मेंढरं कवाच आणली. आमी सगळी घरात हाय."
"शाब्बास!"
"शालनकाकू दारात थांबल्यात. त्यांचं घर पत्र्याचं हाय न्हवं, हादरतंय. आबा आत या म्हणत्यात, पर येईनात."
"का गं?"
"मी हाय की आत."
मागं आबांचा आवाज, स्वतःलाच ऐकू येत नसल्यासारखा मोठा, "ये की गं आत, शालन! लेकरू हाय ते!" मग मोठा गडगडाट. कोमल म्हणाली, "थांबा बाई, मीच बोलावते." पावलं दूर गेली.
फोन तसाच चालू आहे. कानाशी धरून हे लिहितेय. पाऊस ऐकू येतोय, नि कुणीतरी बोलतंय, नीट कळत नाही.