हनुवटीने ऐकलेली कॅसेट

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगून टाकते, आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत. नवरा दिवसभर कुरकुरतोय, म्हणजे त्याची तब्येत उत्तम आहे. आणि फोन करायचा सोडून ही पत्रं कसली लिहितेय, असं म्हणू नकोस. फोन तू उचलत नाहीस. उचललास तर ‘हं, हं, बरं’ करून दोन मिनिटांत लेकीच्या हातात देतेस. बत्तीस वर्षं अख्ख्या हॉस्पिटलचे फोन जोडून देणारी बाई सख्ख्या बहिणीशी बोलायला कंटाळते, याचा मला तीन महिने चांगलाच राग होता. आता नाही. का नाही ते सांगते, पण मला तू ओळखतेसच, मुद्द्यावर यायला वेळ लागतो.

गेल्या मंगळवारी दातांच्या डॉक्टरांकडे दोन कवळ्या पोचवल्या आणि परत येताना कोपऱ्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानात उगाचच शिरले. एका खोक्यात कॅसेटींचा ढीग होता. त्यात वरून तिसरी, निळं कव्हर, चार केसाळ पोरं आणि मागे काहीही संबंध नसलेला घोडा. ताई, आपला अल्बम. घोडा ढोलवाल्याचा की गाणाऱ्याचा, यावरून आपण दोन दिवस अबोला धरला होता, आठवतंय का? शनिवारी दुपारी भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या रेडिओवर फर्माइशी लागायच्या, त्यात या अल्बममधली तीन गाणी हमखास असायची आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटावर तो निवेदक बडबडायचा. गाणं संपतं कसं तेच कधी कळायचं नाही. त्याच्या बडबडीला वैतागून एक दिवस तू शिवणाच्या क्लासवरून येताना कॅसेटच घेऊन आलीस.

आणली खरी, पण वाजवायची कुठे? बाबा रात्रभर बेकरीत भट्टीपुढे उभे राहून सकाळी यायचे आणि पडद्यापलीकडे झोपायचे. घर म्हणजे एक खोली नि स्वयंपाकघर. आई बादलीसुद्धा उचलून ठेवायची, सरकवायची नाही. आपण दोघी खुणांनी भांडायचो. हसू आलं तर उशीत तोंड खुपसायचो. बाबा कधी रागावले नाहीत गं, पण आवाज झाला की पडद्यामागून एक उसासा यायचा आणि तो उसासा ओरडण्यापेक्षा वाईट वाटायचा. त्यामुळे टेपरेकॉर्डरचा आवाज एकवर. एकवर म्हणजे जवळजवळ नाहीच. बटणाचा खटका तेवढा स्पष्ट ऐकू यायचा.

मग तो तुझा शोध. तू स्वयंपाकघरातल्या लाकडी टेबलाशी सुईत दोरा ओवत बसली होतीस, दोरा काही जाईना, म्हणून हनुवटी टेबलावर टेकवून नेम धरलास आणि तशीच थांबलीस. सुई हातात, डोळे मोठे. मला वाटलं तुला टोचलं. तू माझी मान धरलीस आणि माझी हनुवटी टेबलाला दाबलीस. टेपरेकॉर्डर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता. हवेतून काही येत नव्हतं, पण लाकडातून, जबड्यातून, थेट डोक्यात गाणं येत होतं. जाड, खालचं, धपधप करणारं. आपण दोघी समोरासमोर हनुवट्या टेकवून बसलो होतो आणि आई भाजी चिरता चिरता थांबून बघत होती, पोरींना काय झालं म्हणून.

पुढची चार वर्षं आपण तो अल्बम तसाच ऐकला. आता गंमत अशी की लाकूड सगळं पोचवत नाही. त्या नाकात गाणाऱ्याचा आवाज अर्ध्या वाटेत गळायचा, गोड गोड गिटार पार गायब. उरायचा तो ढोलाचा ठोका आणि बासचा घुमारा. रेडिओवरचं विसरून मला वाटायला लागलं, गाणं असंच आहे. वर्गातल्या मैत्रिणीकडे मोठ्या स्पीकरवर पहिल्यांदा तोच अल्बम ऐकला तेव्हा मी चक्क हिरमुसले. एवढा साखरेचा पाक यात कोणी ओतला? मैत्रीण म्हणे, हेच तर गाणं आहे. तिथून माझी शोधाशोध सुरू झाली. टेबलासारखं वाजणारं काहीतरी हवं होतं. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, प्रत्येक बँड आधीच्यापेक्षा जड. शेवटी मी अशा बँडपाशी पोचले की आईने विचारलं, हे लोक गाताहेत की यांचं कोणी काही चोरलंय. लोक मला आजही विचारतात, कवळ्या घडवणारी बाई आणि एवढं आदळआपट संगीत, हे जमलं कसं? मी काय सांगणार त्यांना? बाबा दिवसा झोपायचे म्हणून.

एक गोष्ट मनात सलतेय, ती आज लिहूनच टाकते. मी एकोणीस वर्षांची होते, माझे दोन मित्र घरी आले होते, त्यांना तो निळा अल्बम दिसला. मी फणकाऱ्याने म्हणाले, तो माझा नाही, ताईचा आहे, ती असलंच गुळचट ऐकते. तू तिथेच कपड्यांच्या घड्या करत होतीस. कॅसेट उचललीस, स्वतःच्या कप्प्यात ठेवलीस आणि घड्या करत राहिलीस. मला तेव्हाच लाज वाटली होती, पण मित्रांसमोर जीभ रेटली नाही. तरीही मला बास गिटार घेऊन द्यावी म्हणून आईशी तू भांडलीस. माझ्या पहिल्या कार्यक्रमाला घरचं कोणी फिरकलं नाही, तू मात्र ड्युटीवरून थेट आलीस आणि हॉस्पिटलचा बिल्ला छातीवर तसाच ठेवून स्पीकरपुढे उभी राहिलीस. संपल्यावर मला म्हणालीस, टेबलासारखं वाजवतेस. मला त्यानंतर बऱ्याच जणांनी बरंच काही म्हटलं असेल. मला एवढंच आठवतं.

तर मंगळवारी कॅसेट घरी आणली. आधी स्पीकरवर लावली आणि पोट धरून हसले. काय ते शब्द, काय ते कण्हणं. दुसरं गाणं तर अगदी साबणाच्या जाहिरातीसारखं आहे. मग आपलं जुनं टेबल आठवलं. ते आता माझ्या कामाच्या खोलीत आहे, त्याच्यावर मी प्लास्टरचे साचे घासते. भुकटी पुसली, टेप त्यावर ठेवला, आवाज एकवर आणला आणि हनुवटी टेकवली. ताई, सगळं तिथेच होतं. पडद्यापलीकडचे बाबा, आईची विळी आणि समोर तुझे मोठे झालेले डोळे. मी रडले, लपवत कशाला बसू. माझ्या आयुष्यात जे काही मला मनापासून आवडतं ते सगळं तुझ्या त्या न ओवलेल्या दोऱ्यापासून सुरू झालं आणि मी तुला एकदाही थँक्यू म्हटलेलं नाही. आज म्हणते. उशीर झाला, पण मनापासून आहे.

आता मुद्दा. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा चहाची शिट्टीची किटली कोकलत होती आणि तू तिच्याकडे पाठ करून शांतपणे कप पुसत होतीस. मी धावत येऊन गॅस बंद केला, तू दचकलीस आणि म्हणालीस, विचारात होते. जेवताना सगळे हसले की तू एक क्षण उशिरा हसायचीस. मी तेव्हा दुर्लक्ष केलं. मग तुझी लेक माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, आईने गुडघ्यांमुळे नोकरी सोडलेली नाही, मावशी. तिला फोनवरचं ऐकू येईना म्हणून सोडली. डॉक्टरकडे चल म्हटलं की वयाने होणारच म्हणते आणि खोलीत जाऊन बसते. तिच्यावर रागावू नकोस, तिने तुझी शपथ मोडली ती माझ्या आग्रहामुळे. आणि माझ्यावर रागवायचं असेल तर समोर येऊन रागव.

मी त्याच आठवड्यात माझे स्वतःचे कान तपासायला गेले. तीस वर्षं स्पीकरशेजारी काढली आहेत, काहीतरी निघायचंच. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कानामागच्या हाडावर थरथरणारी एक लहानशी चकती ठेवली आणि मी उडालेच, हे तर आपलं टेबल. मग त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, बहीण हल्ली हळू बोलते का? मी थक्क. तू इतकं हळू बोलतेस म्हणून तर कोणाला शंका आली नाही, कमी ऐकणारी माणसं ओरडून बोलतात असंच आपल्याला वाटतं ना. त्या म्हणाल्या, कानात तीन इवलीशी हाडं असतात, त्यांतलं एखादं आखडलं की बाहेरचा आवाज आत जात नाही, पण आतला कान शाबूत असू शकतो. अशांना हाडातून छान ऐकू येतं, स्वतःचा आवाज मोठा वाटतो म्हणून ते हळू बोलतात, आणि त्यावर इलाजही असतो. हे घराण्यात चालतं म्हणाल्या. मला आपली आत्या आठवली, हाक मारली तरी वळून न बघणारी, जिला आपण सगळे जन्मभर गर्विष्ठ म्हणत आलो. बिचारी. तुझं तेच आहे की दुसरं काही, ते तपासल्याशिवाय त्याही सांगणार नाहीत, आणि मी तर दात घडवणारी बाई.

म्हणून हे पत्र. रविवारी सकाळी लेक तुला घेऊन माझ्याकडे येईल. बोलायचं काही नाही, कोणी ‘ऐकू येतंय का’ विचारणार नाही, नवऱ्याला बाहेर पाठवणार आहे. टेप लावून ठेवते. तू फक्त हनुवटी टेकव. गाणं आलं तर सोमवारी डॉक्टरीणबाईंची अकराची वेळ घेतली आहे, दोघी जाऊ. नाही आलं तरी जाऊ, आणि मग मी तुला रोज पत्र लिहीन, माझं गिचमिड अक्षर तुला लागेपर्यंत. टेबलाचं पॉलिश दोन ठिकाणी उडालंय, बोटाएवढं, समोरासमोर. माझ्या बाजूला आता प्लास्टरचे डाग पडलेत. तुझ्या बाजूला मी कधीच काही ठेवत नाही.

तुझीच,
पिपाणी