आवकेचा शिक्का

४ मार्च
दोन दिवस आणि तीन तास. एवढा वेळ गाडी गोदामाच्या फाटकाबाहेर उभी. माल उतरवायला लागली चाळीस मिनिटं. खेप देणारा दलाल म्हणतो, "म्हणजे चाळीस मिनिटंच थांबलास ना?" या माणसाला गणिताचं बक्षीस द्यायला हवं – गणितात दोनदा गटांगळी खाऊन कॉलेज सोडलेला मी सांगतोय!

नियम असा की गाडी सहा तासांच्या वर अडकली तर दलालानं हॉल्टिंग द्यायचं, म्हणजे थांबण्याचे पैसे. सहा तास मोजायचे आवकेच्या शिक्क्यापासून. आणि शिक्का कधी? माल उतरवायचा धक्का रिकामा होऊन गाडी आत घेतली की. म्हणजे आधीचे दोन दिवस मी तिथे नव्हतोच. हवेत तरंगत होतो.

शिक्का मारते ती, गोदामाच्या खिडकीतली कारकून. तिच्यावर चिडायला हवं. प्रयत्न केला. जमलं नाही.

५ मार्च
मामाची गाडी, मामाचं डिझेल, म्हणून आवाजही मामाचाच. "दर खेपेला दोन-दोन दिवस? कुठं उंडारतोस रे?" कागद दाखवला. शिक्का म्हणतो मी काल दुपारी पोचलो. झालं!

"आता पुन्हा असं झालं तर किल्ली इथे ठेवायची आणि कॉलेजात जायचं."

मामी आतून, "कॉलेज तरी घेईल का याला परत?"

घरात मायेला तोटा नाही.

८ मार्च
पुन्हा तेच गोदाम. खरं लिहायचं तर खेप मीच मागून घेतली. रांगेत अकरावा. खिडकीपाशी चारदा गेलो. आधी पाणी कुठं मिळेल विचारायला, मग पेन मागायला, मग पेन परत द्यायला. चौथ्यांदा तीच म्हणाली, "आता काय, टोपण द्यायचं राहिलं?"

थांबण्याचे पैसे मागणारा मी, आणि रांग सरकली की हिरमुसणाराही मीच. दलालाला कळलं तर तोच माझ्याकडून भाडं घेईल.

९ मार्च
तीस तास झाले. मामाचं सगळं तिला सांगून टाकलं. धक्का मिळाला तेव्हा तिनं शिक्का मारला आणि कागदांखालून एक चिठ्ठी सरकवली. गाडीचा नंबर, पोचल्याची खरी वेळ, खाली सही.

"मामांना दाखव. फक्त मामांना. आमच्या साहेबांना कळलं तर माझी नोकरी जाईल."

सहीचा शेवटचा फराटा काय ऐटीत ओढलाय!

१० मार्च
घरी जाण्याआधी दलालाकडे कागद द्यायला गेलो. पंख्याचं तोंड नेहमीसारखं फक्त त्याच्याकडे. समोर तीन ड्रायव्हर ताटकळलेले.

"बाळा, शिक्क्यावर दोनची वेळ आहे. त्याआधी तू कुठं घोरत पडला होतास, त्याचे पैसे मी का देऊ?"

तिघं हसले. माझं डोकं सटकलं. खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर आपटली.

त्यानं चष्मा लावला. दोनदा वाचली. मोबाइलवर फोटो काढला. "आधी नाही का सांगायचं, बाळा?" आणि हॉल्टिंग रोख हातावर ठेवलं. वर चहा पाजला! हसणाऱ्यांतला एक बाहेरपर्यंत आला, म्हणाला, "गड्या, मानलं तुला."

संध्याकाळी मामाला चिठ्ठी आणि पैसे दोन्ही दिले. मामानं किल्ली माझ्या हातात ठेवली. मामीनं न मागता दुसऱ्यांदा वाढलं.

११ मार्च
तिला कसं सांगायचं याचा गाडीच्या आरशात सराव केला. आरसा कंटाळला.

१३ मार्च
खिडकीत नवा कारकून. आधीच्या बाईंना परवा काढलं म्हणाला – कुणा ड्रायव्हरला खरी वेळ लिहून दिली होती. दलालानं त्या चिठ्ठीचा फोटो गोदामाच्या साहेबाला पाठवला आणि हॉल्टिंग गोदामाकडून वसूल केलं. "कोण शहाणा होता कुणास ठाऊक." मग माझी पोचायची वेळ विचारली.

म्हटलं, टाका तुम्हाला हवी ती.