चार फटफट्यांचा कागद

मामाजी,

तुमच्याशी मी उभ्या जन्मात सरळ एक वाक्य बोलले नाही. तुम्ही ओसरीवर, मी माजघराच्या दाराआड, आणि मध्ये सासूबाई. तुम्ही त्यांना म्हणायचं, "सूनबाईले सांग, चहा ठेव म्हना." मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून ते ऐकलेलं असायचं, तरी सासूबाई वळून तेच मला पुन्हा सांगायच्या, जशी काही मी बहिरी आहे. नवी होते तेव्हा पदर तोंडात धरून हसायची मी. आता तुमच्या त्या वेळच्या वयापेक्षा मी किती तरी म्हातारी झाले, तेव्हा म्हटलं, आता बोलायला हरकत नाही. निमित्तही तुमच्याच जातीचं आहे. थोरल्या नातवानं दोन जुन्या फटफट्या घेतल्या. जुन्या गाड्यांना आता मोठं मोल आलंय म्हणे. पण नोंदणी आणि विम्याच्या खर्चानं परवा तो कपाळाला हात लावून बसला होता. म्हणाला, "आजी, गाडीपरीस कागदच महाग पडून राह्यले." मी आधी हसले. मग हातातला घास तसाच राहिला.

तुमच्या तर चार होत्या. कापसाच्या जिनातल्या साहेबानं विलायतेला जाताना टाकून दिलेली तांबडी, मिशनच्या डॉक्टरची भुरी, लिलावात घेतलेली, भिंतीला टेकवल्याशिवाय उभी न राहणारी लंगडी, आणि बाजूला माणूस बसायचा डबा जोडलेली डब्याची. ही नावं आम्हा बायकांनी ठेवलेली. धाड गावच्या बाजारात लोक म्हणत, शेतीवाल्यानं बैलजोड्या वाढवाव्या, यानं लोखंड वाढवलं. तुमच्या कानावर येत असणारच. तुम्ही सकाळी सरकीचं आंबोण बैलांपुढे ठेवायचे आणि तसेच गोठ्याशेजारच्या छपरीत जायचे. चौघींना पुसायचे, प्रत्येकीचा आवाज एकदा ऐकायचे. कुठली कशी खोकते ते मलाही चुलीपाशी बसून ओळखू यायला लागलं होतं. चौघी चांगल्या असलेला दिवस मात्र मी कधी पाहिला नाही, एक ना एक आजारी असायचीच.

मला दूरचं नीट दिसत नाही हे त्या घरात पहिल्यांदा तुमच्या लक्षात आलं. मी अंगणातून गाय समजून शेजारच्या म्हातारीला हाकललं होतं. सगळे हसत होते, तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना आणि मला डब्यात कोंबून बुलढाण्याला नेलं. आम्ही दोघी एकमेकींच्या मांडीवर, सासूबाई रस्ताभर रामाचं नाव घेताहेत. चष्मा घालून परत आल्यावर भावकीतल्या बायका नाकं मुरडायला लागल्या. चष्मेवाली सून कधी कोणी पाहिली होती! तुम्ही ओसरीवरूनच गरजलात, "फटफटीले दिवा लागते, मंग मानसाले काऊन नाई?" त्या दिवशी मी माझ्या बापापेक्षा तुम्हाला जास्त मानलं. हे तुम्हाला सांगायला मध्ये माणूस घालायची सोय नव्हती, म्हणून ते राहूनच गेलं.

पुढच्या वर्षी तुमचा मुलगा तांबडीवरून नाल्यात पडला. गळ्याखालचं हाड मोडलं. चौघांनी बाजेवर घालून आणलं तेव्हा मला चौथा महिना होता. तोंडाला रक्त, डोळे मिटलेले. मला वाटलं, संपलं. ते वाचले, पण त्या दिवसापासून माझ्या घशाखाली अन्न उतरेना. फटफटी सुरू झाली की मी हातातलं काम टाकून दाराशी धावायची. यांना मात्र कसली भीती? एक हात गळ्यात बांधलेला, आणि दुसऱ्यानं तांबडी पुसत बसायचे. तुमचंच रक्त.

आणि तेवढ्यात कचेरीतून तो छापील कागद आला. लढाई संपली होती, गाड्यांचे कायदे कडक होत होते. तुमच्या दोन गाड्यांना तर कसलेच कागद नव्हते. साहेबांनी दिल्या, तुम्ही घेतल्या, झालं. आता प्रत्येकीची वेगळी नोंदणी, वेगळा कर, आणि वर विमा, गाडीनं दुसऱ्याला इजा केली तर भरपाईसाठी. घरात वाचता येणारी मी एकटी. यांची शाळा दुसरीतच सुटलेली, तुम्हाला सही तेवढी यायची. मी दाराआड बसून मोठ्यानं वाचत होते आणि तुम्ही सासूबाईंशी भांडत होता, जसा काही कायदा त्यांनीच केला.

"म्हंजे मी कोनाले धडकाच्या आधीच पैसे भरू?"

"धडकल्यावर कोन भरते?" सासूबाई म्हणाल्या.

"अवं, पन मानूस एक. एका टायमाले एकच चालवीन ना मी! मंग चार विमे कायचे?"

खरं सांगते, तुमचं म्हणणं मला पटत होतं. चौघींचा वर्षाचा खर्च काढला तर त्यात एक बरा बैल आला असता, आणि तोही दर वर्षी. तुम्ही बोटांवर हिशेब केला. मी पुढं वाचत राहिले. अगदी शेवटी बारीक अक्षरात एक कलम होतं. जी गाडी सरकारी रस्त्यावर आणायची नाही, घरीच उभी ठेवायची, तिच्याबद्दल तसं कचेरीत लिहून द्यावं, म्हणजे तिला कर नाही आणि विमाही नाही.

मी ते मनातल्या मनात वाचलं. तुम्ही आणून दिलेल्या चष्म्यातून अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत होतं. अंगणात हे तांबडीपाशी उकिडवे बसलेले, चांगल्या हातानं तिची किक दाबून बघत होते. गाड्या घरी राहिल्या तर सरकारी रस्त्यावर जाणार नाहीत, पण नाल्यात तर जातीलच. मी कागदाची घडी घातली आणि सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, संपलं."

तुम्ही डब्याची तेवढी ठेवायची ठरवलं. पलीकडे निजामाच्या मोगलाईतला एक व्यापारी बाकी तिघी घ्यायला तयार झाला, इसारही देऊन गेला. मग तुम्ही बुलढाण्याच्या कचेरीत जाऊन आलात. पाणी पिऊन हसत हसत सासूबाईंना सांगायला लागलात, "थो कारकून मले म्हने, घरीच ठेवाच्या असन तर इकता काऊन? लिहून द्या, काई भरा लागत नाई. म्या म्हटलं, बाबू, आमच्या घरी सातवी शिकेल सून हाये. तिनं सारा कागद वाचला. तूच आपला कागद नीट वाच!"

सासूबाईंना मात्र चुटपूट लागली. "तरी येकडाव पुसून पाहू का तिले?"

"काय पुसतं? इथंच तं उभी हाये. तसं काई असतं तं बोलली नसती काय?"

आणि तुम्ही दाराकडे पाहिलंत. थोडा वेळ पाहत राहिलात. इसार परत करता आला असता, बाजाराला अजून चार दिवस होते. नुसतं "आत्याबाई" म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण सासऱ्यापुढे सुनेनं बोलायचं नसतं ना. एरवी हा रिवाज मला जाचायचा, त्या दिवशी मी त्याच्याआड दडून बसले.

बाजाराच्या दिवशी छकडे आले. तुम्ही तिघींना एकेकदा सुरू करून पाहिलंत, दोघींचा आवाज ऐकलात आणि बंद केलंत. लंगडी काही केल्या सुरू होईना, तर तिला थोपटून म्हणालात, "राहू दे, बाई." छकडे वळणाआड गेल्यावर छपरीत जाऊन बसलात, ते दिवेलागणीलाच उठलात. त्यानंतर डब्याच्या गाडीवरही तुमचा जीव पहिल्यासारखा राहिला नाही. तुम्ही गेलात तोवर तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या होत्या.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, तुम्हाला पोचवायची तर सोयच नाही. बसले होते माफी मागायला. दोनदा तो शब्द लिहिला आणि दोनदा खोडला. हे ऐंशी वर्षं धडधाकट जगले, नातवंडं खेळवून गेले. ते कलम मी लपवल्यामुळं की कसं, देव जाणे. छकडे गेले त्या रात्री तुम्ही ताटावर बसलात आणि भाकरी कुस्करून तशीच उठलात. सासूबाईही जेवल्या नाहीत. मी तुमचं ताट उचलून आत नेलं, चुलीपुढं बसले, आणि मामाजी, त्या नाल्याच्या दिवसानंतर पहिल्यांदा मला भूक लागली. तुमच्या ताटातली ती भाकरी मीच खाल्ली, आणि वर आणखी एक घेतली.