आंदणातली डॅफ्नी

पाइनी पॉइंट,
ता. १२ मे १७६६

चि. हम्फ्रीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं तर खुशाल कोणीच नाही. नाश्त्याच्या वेळी शेरीफचा माणूस दारात आला नि डॅफ्नीला बोलवा म्हणाला. मला वाटलं, कुठे बाळंतीण अडली असेल, सुईण म्हणून तिलाच नेतात. तर त्याने कागद काढला. तुझं कर्ज थकलंय, म्हणून तू तारण लिहून दिलेले गुलाम ताब्यात घ्यायला धक्क्यावरच्या दुकानदाराने, तुझ्या त्या लाडक्या गिल्क्रिस्टने, सुरुवात केलीय. आणि त्या यादीत माझी डॅफ्नी आहे!

अरे, डॅफ्नी माझ्या आंदणातली. माझ्या लग्नात बाबांनी भरल्या दिवाणखान्यात तिचा हात माझ्या हातात दिला आणि आजपासून ही विनिफ्रेडची, असं सगळ्यांदेखत सांगितलं. तू तेव्हा मद्याच्या भांड्याला चिकटून उभा होतास, तरी कानांवर पडलं असेलच. याला अकरा वर्षं झाली. तिची दोन्ही लेकरं, टॅम आणि बेस, माझ्या घरात जन्मली. आई तारणात तर पोरंही तारणात, असं वर तो शेरीफचा माणूस मला समजावत होता. तुझ्या भावोजींनी, एडमंडनी, त्याला बिअर पाजून कशीबशी आठ-दहा दिवसांची मुदत मिळवली. तुम्हा तिघांना इथून कोणी हलवणार नाही, असा मी डॅफ्नीला शब्द दिलाय. ताबडतोब दुकानात जा आणि हे निस्तर.

तुझी काळजीत पडलेली ताई,
विनिफ्रेड


वेडन्स लँडिंग,
ता. १४ मे १७६६

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून ताडकन उठलोच. गिल्क्रिस्ट असं करेल? परवाच आमच्याकडे पोटभर हॅम खाऊन, माझ्या घोडीची तारीफ करून गेला. हा नक्की कारकुनाचा घोळ.

मार्चमध्ये मी एका कागदावर सही केली, हे खरं. तंबाखूचा भाव पडलाय, दुकानाचे ग्लासगोचे मालक त्याच्या मानेवर बसलेत. त्यांना दाखवायला कागद हवा, एवढंच तो म्हणाला होता. आता आपल्याच टेबलावर जेवलेल्या माणसासमोर त्याचा कागद वाचत बसायचं म्हणजे त्याला तोंडावर लबाड म्हणायचं. आपल्यात कोणी वाचतं का? नावं बाबांच्या वेळच्या, गुलामांच्या करपत्रकावरून उतरवली असतील.

शनिवारी जातो आणि नाव खोडून आणतो. उगाच रडू नकोस, तुझं नाक लाल होतं आणि भावोजी घाबरतात. येत्या जहाजाने माझी नवी बग्गी येतेय. तिच्यातून तुला चर्चला नेईन, म्हणजे झालं ना?

धाकट्याला सांभाळून घेतेसच, तशीच घेत जा.

हम्फ्री


पाइनी पॉइंट,
ता. १८ मे १७६६

चि. हम्फ्रीस आशीर्वाद.

शनिवारी तू गेलाच नाहीस. आज गिल्क्रिस्ट स्वतः इथे आला. चहाचा दुसरा पेला घेतला नाही, आवाज चढवला नाही, माझ्या गुलाबांची चौकशीसुद्धा केली. मग म्हणाला, की प्रत्येक नाव त्याने तुला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. डॅफ्नीच्या नावापाशी थांबून, ही तुमच्या बहिणीकडे असते ना, असंही विचारलं होतं. त्यावर तू हसून म्हणालास, की ती आमचीच, ताईला नुसती वापरायला दिलीय.

हे खरं आहे का? तो माणूस खोटं बोलतोय, एवढं एक वाक्य लिही, मी सुटेन. माझा विश्वासच बसत नाहीये. आंदण कागदावर लिहून कोर्टात नोंदवलेलं नसेल तर ते आंदणच नव्हे, असा कायदा आहे म्हणे. लग्नाच्या दिवशी मी बाबांकडे कागद मागायला हवा होता का? बाबांनी मला घराबाहेर काढलं असतं.

डॅफ्नी किटली घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

विनिफ्रेड


वेडन्स लँडिंग,
ता. २० मे १७६६

ती. ताईस सा. न.

खरं आहे. नाही म्हणालो असतो तर तारण कमी पडलं असतं, त्याने उधारीवर मागवून दिलेली बग्गी रद्द केली असती, आणि आठवड्याच्या आत अख्ख्या नदीकाठाला कळलं असतं की वेडन घराण्याची पत संपली. वाटलं, पुढच्या पिकावर सोडवून घेऊ, ताईला कळणारही नाही. मला लाज वाटते.

काल दुकानात गेलो आणि शपथेवर सांगतो म्हणालो, की बाबांनी ती तुला दिली होती. तेव्हा गिल्क्रिस्टने करपत्रकं माझ्यापुढे ठेवली. अकरा वर्षं डॅफ्नीचा कर आमच्या घराने भरलाय. ताई, तुला आठवतं? लग्नानंतर भावोजीच बाबांना म्हणाले होते, की ती तुमच्याच नावावर राहू द्या, आमचा कर वाचेल. तू हसून मान डोलावलीस. कोर्ट म्हणेल, ज्याचा कर त्याची ती.

मी नातं तोडायच्याच लायकीचा आहे, तरी तोडू नकोस.

हम्फ्री


पाइनी पॉइंट,
ता. २३ मे १७६६

हम्फ्री,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. कराचं खरं आहे. मी ते सोयीने विसरले होते.

काल गिल्क्रिस्ट बोट घेऊन आला. घरोब्याखातर म्हणून, तिघांपैकी एक तुमच्याकडे ठेवतो म्हणाला. कोण ते सांगा. मी डॅफ्नी म्हणाले. त्याचं बोलणं पुरतं संपायच्या आत म्हणाले. तिच्यावाचून माझं घर चालत नाही, एवढंच मनात आलं. ते आधी मनात आलं हेच मला अजून खरं वाटत नाहीये. टॅम आठ वर्षांचा, बेस चारची. पोरांना घेऊन बोट सुटली नि डॅफ्नी तिच्यामागे कमरेइतक्या पाण्यात गेली, तेव्हा कुठे मला कळलं मी काय बोलून बसले ते. एडमंडनी तिला ओढून काढलं.

आठवडाभर मी तुझ्या नावाने रडत होते. आता कोणाच्या नावाने रडू? ती आज उठली, चूल पेटवली, माझे केस विंचरले. मी मात्र आरशात बघू शकले नाही.

माया ठेव म्हणायला मला तोंड उरलेलं नाही.

विनिफ्रेड

ता. क. डॅफ्नी दिवसभरात एकदाच बोलली. पोरांना कुठे नेलं, म्हणाली. हम्फ्री, मी ते गिल्क्रिस्टला विचारलंच नव्हतं. विचारून कळव.