चाचा, मले काऊन बसवलं होतं?

प्रिय रहीमचाचा,

तुम्ही जाऊन वर्ष होत आलं आणि मला पत्र लिहायचं आज सुचतंय, तेही एका कॉम्प्युटर गेममुळे. हसा खुशाल! पण आज माझ्याच टीममधला एक खेळाडू माझ्या ऑफिसात येऊन भांडला आणि तुमची फार आठवण आली.

मुलीनं सुट्टीत हा फुटबॉलचा गेम कॉम्प्युटरवर टाकून दिला. मी अर्धा तास बटणं दाबली, कोणी किक मारेना. मग कळलं, यात आपण खेळायचंच नाही! आपण मॅनेजर. टीम निवडायची, सराव ठरवायचा आणि मॅच सुरू झाली की हात बांधून बघत बसायचं. मागून माझी बायको सुनीता म्हणाली, "दोन घंटे झाले, तुम्ही तं बॉलले पायच नाही लावला!" तिला काय सांगू, खामगावच्या मैदानावर आमचे कोच म्हणून तुमची सारी उमर यातच गेली.

यात प्रत्येक खेळाडूला वीसपैकी मार्क असतात. धावण्याचे, पासिंगचे, हिंमतीचेसुद्धा! हिंमत कोणी आणि कशी मोजली असेल हो? मी तासभर नुसते आकडेच वाचत बसलो. तुम्ही जिनिंग मिलमधले ग्रेडर, कापसाचा पुंजका दोन्ही चिमटींत धरून ओढायचात आणि तंतूंकडे बघून माल कसा आहे ते सांगायचात. आम्हालाही तसंच पारखायचात. तुम्ही मला किती मार्क दिले असते?

आता भांडण सांगतो. माझा सगळ्यात चांगला फॉरवर्ड फार दमला होता. त्याच्या नावापुढे लाल खूण आली, डॉक्टरानंही विश्रांती द्या म्हटलं. मी त्याला बसवलं. तर हा पठ्ठ्या तोंड वाकडं करून गेममधल्या माझ्या ऑफिसात हजर, मला का बसवलं म्हणून! मला असा राग आला, चाचा. अरे, तुझ्याच भल्यासाठी ना? हे मी मोठ्यानं बोललो, आणि बोलता बोलताच थांबलो.

मेहकरच्या टीमशी फायनल होती, आठवते? मी एकोणीस वर्षांचा. सकाळी तुम्ही माझा हात हातात घेतला, बोटं बघितली आणि म्हणालात, "आज तू बस बे."

"काऊन चाचा?"

"बस म्हनलं ना तुले!"

बस, एवढंच. मी मॅच न बघताच सायकल काढली. पुन्हा बूट घातले नाहीत. बाजारात तुम्ही दिसलात की गल्ली बदलायचो. पुढची कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की मी तुमच्या लेखी कमअस्सल निघालो.

तेव्हा बीटी कापसाचं नवल होतं. बोंडअळी गेली म्हणून सगळे खूश, पण पानांचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांनी पाठ धरली आणि फवारणीचा पंप काही खांद्यावरून उतरेना. फायनलच्या आधी दोन दिवस बाबांनी मला फवारणीला लावलं होतं. मी साबण लावून दोनदा आंघोळ केली, कोणाला सांगितलं नाही. फायनलच्या दिवशी घरी जाताना रस्त्यात दोनदा उलटी झाली. मला वाटलं, रागानं झाली! फवारणीच्या विषानं माझी बोटं थरथरत होती, हे तुम्ही ओळखलंत ना?

पण मग सांगितलं का नाही? इतका राग आला तुमचा आज! एका वाक्याचं काम होतं. मग आठवलं, बाबा तिथंच उभे होते. पोराची फायनल म्हणून धुतलेला सदरा घालून आले होते. त्यांच्यादेखत कसं सांगणार होतात तुम्ही?

बाबा आता थकलेत. अजूनही म्हणतात, "त्या रहीमनं माह्या पोराचं नुकसान केलं." आजवर मी ते ऐकून घेतलं. माझं चुकलं, चाचा.

आता ऐकून घेणार नाही. पुढच्या खेपेला म्हणेन, "बाबा, चाचाचं बराबर होतं." ते विचारतील, "काऊन?" तुम्हाला शब्द देतो, ते कारण मी त्यांना कधीच सांगणार नाही.

तुमचाच,
विलास