अडखळाईचं जग

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, निरोपांना उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद पुढे ओढला. दुपारच्या वेळी दुकानात कुणी फिरकत नाही, त्यामुळे निवांत आहे. तुझी खबरबात भावोजींकडून मिळते. टाके सुकलेत, जेवण बऱ्यापैकी जातंय, खिडकीतल्या कुंड्यांना आता तूच पाणी घालतेस. ऐकून बरं वाटलं. पण आज तुझ्या तब्येतीची चौकशी करायला लिहीत नाहीये. तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती घडली तुझ्याच खोलीत, तुझ्याच टेबलाभोवती, तरी माझ्या बाजूने तू ती कधी ऐकलेली नाहीस. ऐकवायला मला आजवर जमलं नाही आणि कागदावर मी अडखळत नाही, एवढा फायदा घेते.

तेव्हा मी ह्याच चष्म्याच्या दुकानामागच्या कारखान्यात भिंगं घासत होते, आठवतं ना. मागच्या खोलीत सात-आठ चाकं, प्रत्येक चाकावर पाण्याची धार, आणि काचेच्या कडा गुळगुळीत होईपर्यंत धरून ठेवायच्या. मला ते काम आवडायचं, कारण चाकांच्या घरघरीत कुणी कुणाशी बोलतच नसे. आईला वाटायचं, पोरगी घुमी आहे. शाळेत तोतरी म्हणायचे, कारखान्यात काहीच म्हणायचे नाहीत, हीच मला बढती वाटत होती. तू मात्र एका रविवारी घरी आलीस आणि आईला म्हणालीस, "मावशी, हिला दुपारपुरती नेते, आमच्या खेळात एक माणूस कमी पडतोय." मला विचारलंच नाहीस. विचारलं असतंस तर नाही म्हणायला मला इतका वेळ लागला असता, की तोवर तू जिना उतरली असतीस.

तुमच्या धुलाईच्या दुकानावरची ती खोली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. खाली भावोजी इस्त्री मारायचे, वाफेच्या नळ्या भिंतीतून वर जायच्या, त्यामुळे फरशी कायम कोमट. पायातले मोजे काढून बसायचं. टेबलावर फासे, तू रंगवलेला नकाशा आणि नर्सबाईंनी इस्पितळातून आणलेली बिस्किटं. प्रत्येकाने गोष्टीतलं एक पात्र व्हायचं, आणि पुढे काय घडतं ते फासे ठरवणार, असा तो खेळ. नर्सबाई खेळात जादूगार होत्या आणि जादू करण्याआधी हात धुवायच्या, सवयीने. टिल्लू, म्हणजे तो दाराच्या चौकटीला डोकं आपटणारा वायरमन, खेळात चोर होता. त्याला काहीही चोरता येत नसे, कारण त्याचे फासे नेहमी उलटे पडत. तू सूत्रधार, गोष्ट चालवणारी. सराईवाली म्हातारी, लाच खाणारा शिपाई, बोलणारं गाढव, सगळे आवाज तू एकटी काढायचीस. गाढवाचा आवाज ऐकून खाली गिऱ्हाइकं वर बघायची, असं भावोजी सांगायचे.

मी मुकी धनुर्धारी निवडली. तिची जीभ कुणी कापली, केव्हा कापली, काही विचारलं नाहीस. नुसतं म्हणालीस, "चालेल. बाण चांगला मार." आणि मग कितीतरी रविवार मी टेबलाशी बसून बोटाने नकाशावर दाखवत राहिले, फासे टाकत राहिले, आणि घरी जाताना मला वाटायचं, आज मी चार माणसांत होते. तुला कल्पना नसेल ताई, पण त्या आधी मला असं कधी वाटलंच नव्हतं.

पुढे गोष्टीत आपल्याला कामगिरी मिळाली, ती जगाच्या तळाशी झोपलेल्या राक्षसीला मारायची. सगळ्या लख्ख, देखण्या देवांनी आपल्याला पाठवलं होतं. ती जागी झाली तर जग गिळेल, असं त्यांचं म्हणणं. आपण खाली उतरायच्या वाटेवर एका पडक्या देवळाशी आलो आणि टिल्लूने सहज विचारलं, "ही बया आली कुठून? आणि हे जग झालं कसं?" तू सूत्रधार, तुला उत्तर तयार असायला हवं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, की ते फक्त धनुर्धारीला माहीत आहे. मी मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं, ती मुकी आहे म्हणून खुणेने सांगितलं. तू म्हणालीस, "ती मुकी आहे. तू कुठे आहेस? पुढच्या रविवारी तू सांग. जमेल तसं सांग, आम्हाला कुठे गाडी पकडायची आहे."

खरं सांगू, त्या आठवड्यात मला तुझा राग आला होता. आईला सांगून ठेवलं, की आता मी जाणार नाही. पण चाकाशी हात चालू असले की डोकं मोकळं असतं. सोमवारी मी ठरवलं, की राक्षसी असेल तर ती भयंकरच असू दे, उगाच गोंडस नको. डांबरासारखं ओलं अंग. तोंडं जिथे तिथे, खांद्यांवर, गुडघ्यांवर, तळहातांत, आणि सगळ्या तोंडांना एकाच वेळी बोलायची घाई. दात एकमेकांवर घासतात, लाळ गळते, बघवत नाही. बुधवारपर्यंत मला कळलं, की तिला बोलायचं काय आहे. एकच शब्द. जगात आधी काहीच नव्हतं, अंधारसुद्धा नव्हता, नुसती ती होती, आणि तिला म्हणायचं होतं, "मी."

तुला ठाऊक आहे, माझी जीभ नेमकी त्याच अक्षरावर अडते. कुणी नाव विचारलं की सुरुवात 'मी'पासून, आणि तिथेच दार बंद. तेव्हा तिचंही तसंच झालं असणार. ती म्हणायला गेली 'मी' आणि अडली. म, म, म. प्रत्येक अडलेल्या 'म'बरोबर तिच्या तोंडातून काहीतरी सांडलं. माती सांडली. मीठ सांडलं. मेघ निघाले, मासे निघाले, मुंग्या निघाल्या त्या थांबेचनात. माकडं, मधमाश्या, म्हशी, मुळं, मोहर. माणूस आला. दमून तिने शेवटचा जोर लावला तेव्हा मरण आलं, तेही तिचंच लेकरू. 'मी' काही आला नाही. सगळं जग झालं, आणि जिला बोलायचं होतं ती तशीच राहिली.

मग तिची पहिली मुलं, ते देखणे देव. त्यांची जीभ साफ होती. ते एकदाच 'सूर्य' म्हणाले, एकच सूर्य झाला. एकदाच 'चंद्र' म्हणाले, एकच चंद्र. म्हणून मुंग्यांना गणती नाही आणि चंद्र मात्र एकटाच. त्यांना आपल्या आईची लाज वाटायला लागली. त्यांनी तिचं एकेक तोंड शिवून टाकलं, तिला तळाशी निजवलं, वर फरशी घातली आणि सांगत सुटले, की ती जग गिळायला टपलेली आहे.

रविवारी आले मी. हे सगळं सांगायला मला पूर्ण दुपार लागली. मधे खाली दोनदा वाफेची शिट्टी झाली, नर्सबाईंचा चहा गार झाला, 'मुंग्या'वर मी इतकी अडले की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कुणी माझ्यासाठी शब्द पुरा केला नाही. ताई, लोक किती प्रेमाने पुरा करतात, तुला माहीत नाही. घास भरवल्यासारखा शब्द भरवतात, आणि आपला शब्द तोंडातच राहतो. टिल्लूने एकदा तोंड उघडलं होतं, ते मी पाहिलं. तू टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिलास, तेही पाहिलं. तू समजतेस मला दिसलं नाही.

मी थांबले तेव्हा टिल्लूने हातातले फासे खाली ठेवले. मग म्हणाला, "अडखळाई. आपल्या सगळ्यांची अडखळाई." तिचं बारसं त्याने केलं, ते असं. आणि मग म्हणाला, "मग आपण तिला मारायला का चाललोय?" नर्सबाई म्हणाल्या, की टाके तिला कुणी घातलेत ते आधी बघायला हवं, आणि ते काढायला धारदार कात्री लागेल. तुझ्या मेहनतीने आखलेल्या लढाईचा तिथेच निकाल लागला. एवढा मोठा नकाशा रंगवलेलास, सैन्यं मांडलेलीस. तू सगळं एका बाजूला सरकवलंस आणि म्हणालीस, "बरं, मग कात्री कुठे मिळेल?"

पुढचे कितीतरी रविवार आपण कात्री शोधण्यात घालवले. पण मला आत एक धास्ती होती, ती मी कुणाला सांगितली नाही. आपण तळाशी पोचणार, नर्सबाई टाके काढणार, आणि मग अडखळाई बोलणार. आवाज सगळ्यांचे तू काढतेस. म्हणजे तू अडखळणार. तू कितीही मायेने केलं असतंस तरी ती माझी नक्कल झाली असती, आणि शाळेच्या पटांगणात ऐकलेल्या सगळ्या नकला पुन्हा कानात वाजल्या असत्या. मग तो रविवार आला, आपण तळाशी पोचलो. शेवटचा टाका निघाला. तू नेहमीसारखा घसा खाकरला नाहीस. सूत्रधाराचा पडदा, म्हणजे ज्याच्याआड तू आपले कागद लपवायचीस तो उभा पुठ्ठा, उचललास आणि टेबलावरून माझ्यासमोर ठेवलास. म्हणालीस, "हिचा आवाज माझ्याकडे नाही गं. माझ्याकडे फक्त गाढवाचा आहे."

मी हसले, आणि त्या हसण्यातच सुरुवात केली. म, म, म. किती वेळ गेला कोण जाणे. खाली भावोजींनी इस्त्री बंद केली होती, बहुतेक तेही ऐकत होते. मग 'मी' आला. मोठ्याने आला, टेबलावर आदळला. तू हळूच विचारलंस, की आता काय सांडलं, काय जन्मलं. मी सांगितलं, या वेळी काही सांडलं नाही. नुसता शब्द आला, आणि तिने आजूबाजूला पाहिलं, की केवढं काय काय झालंय.

त्यानंतर माझं अडखळणं गेलं असं लोकांना ऐकायला आवडेल, पण तसं काही झालं नाही. आज सकाळीच 'मोतीबिंदू'वर एक आजोबा माझ्यासमोर मिनिटभर ताटकळले. फरक एवढाच, की ते ताटकळले आणि शब्द मी पुरा केला. मी आता मागच्या खोलीत नसते, पुढे काउंटरवर बसते. ही जागा मी मागून घेतली, मालकांसमोर उभी राहून, तोंडाने. लोकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावते. त्यांना खालची ओळ दिसत नाही, माझ्या तोंडून वरचा शब्द निघत नाही, असे आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो. आमच्या ह्यांना लग्नाचं मीच विचारलं, हे तुला माहीत आहे. विचारायला किती वेळ लागला ते त्यांनी तुला तिखटमीठ लावून सांगितलंय. आईच्या शेवटच्या दिवसांत मी तिच्या उशाशी बसून तासन् तास बडबडायचे. ती म्हणाली, "एवढं सगळं होतं होय तुझ्या पोटात." हे सगळं तू दिलंस, असं मी म्हटलं तर तू उडवून लावशील. म्हणून म्हणत नाही. पण त्या कोमट फरशीवर बसले नसते, तर माझी आई मला न ऐकताच गेली असती. तेवढं तुझ्या पदरात घालते, आणि ते तुला घ्यावं लागेल.

आता हे आजच का लिहिलं ते सांगते, आणि भावोजींवर रागावू नकोस. परवा ते चष्मा दुरुस्त करायला म्हणून आले. चष्म्याला काही झालेलं नव्हतं. बसले, आणि म्हणाले, घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढल्यापासून तू कुणाला घरात येऊ देत नाहीस. गळ्याला लावून बोलायचं ते यंत्र डॉक्टरांनी दिलंय, ते तू मोरीत जाऊन, नळ सोडून, एकटीच वापरून बघतेस. नळ सोडून बोलायचं काय असतं ते मला कुणी सांगायला नको. त्यांनी विनवलं तेव्हा तू पाटीवर लिहिलंस म्हणे, "राक्षसासारखा आवाज येतो. माणसांत कशी बोलू?" ताई, आपण रविवारी जमायचो ते कुणासाठी? टिल्लूला हे सांगितलं तर तो मागेच लागलाय. म्हणतो, इतक्या वर्षांत हिने आपल्याला एकही राक्षस नीट घाबरवणारा दिला नाही, सगळे त्या गाढवासारखेच बोलायचे. नर्सबाईंनी सुट्टी टाकली आहे. या रविवारी दुपारी आम्ही तिघं वर येतोय, नकाशा असो वा नसो. खेळ तूच चालवायचास. शब्द यायला वेळ लागला तर लागू दे, बिस्किटं भरपूर आणतो. फक्त दाराची कडी काढून ठेव आणि त्या दुपारी नळ बंद ठेव.

तुझीच,
धाकटी