स्वधर्माच्या जागी

नागपूर,
८ जुलै २०२४

आदरणीय बाबा व आई यांस,
नीलिमाचा स. जयभीम वि. वि.

पत्र पाहून बाबा हसले असतील. पण तुम्हाला फोनवर अर्धे ऐकू येते आणि उरलेले अर्धे तुम्ही मनाने लावता. मागच्या महिन्यात मला नोकरी लागली म्हटले, तर तुम्ही विचारलेत की कुणाला ठोकर लागली. कानातले मशीन तुम्ही घालणार नाही, तेव्हा आता कागदच बरा.

तर नोकरी लागली आहे. इथे एक सेमिनरी आहे, म्हणजे पाद्री तयार होतात ती शाळा. तिथे वसईचे एक म्हातारे फादर आहेत, फादर रुमाव. चाळीस वर्षे त्यांनी जुने कॅथलिक तत्त्वज्ञान शिकवले. आता नजर गेली आहे आणि ते सगळे मराठीत पुस्तक होऊन यावे एवढी एकच इच्छा राहिली आहे. ते इंग्रजीत सांगतात, मी मराठी करते. तत्त्वज्ञानाची एम.ए. काय चुलीत घालणार असे सतीशदादा विचारायचा, त्याला हे आवर्जून सांगा.

फादरांचे भांडण आजच्या विचारांशी आहे. ते म्हणतात, गेल्या तीन-चारशे वर्षांत माणसाने सुरुवातच उलटी केली. आधी स्वतःच्या डोक्यात शिरला, आतून कडी लावली, आणि मग बाहेर जग आहे की नाही अशी शंका काढत बसला. मला त्यांनी विचारले, गोठ्यात गेल्यावर आधी म्हैस कळते की आपल्याला कळते आहे हे आधी कळते? मी म्हणाले, आधी शेपटी लागते. त्यावर ते किती वेळ हसत होते.

दुसरे असे, की कशालाच स्वतःचे प्रयोजन नाही, आपण ठरवू तेच खरे, हे आजचे मत त्यांना घातक वाटते. बी झाडाकडे जाते, डोळा पाहण्यासाठी असतो, तसे माणसाच्या असण्यातही काहीतरी आहे, असे त्यांचे म्हणणे.

पहिली वीस पाने सोबत आहेत. लाल पेन काढाच. आईला सांगा, मेसची भाजी पातळ असते पण मी दोनदा घेते.

लोभ आहेच, तो लाल शाईसकट असावा.
तुमची,
नीलिमा


केनवड, ता. रिसोड,
२४ जुलै २०२४

प्रिय नीलू,
स. जयभीम वि. वि.

पाकीट एवढे जाड, की मदनसिंग पोस्टमनने दारातच विचारले, पोरीची सोयरीक जमली काय. मी म्हणालो, एका पाद्र्याशी वाद जमला आहे.

शुद्धलेखन आधी. तत्त्व हा शब्द तू अकरा ठिकाणी एका 'त'ने लिहिला आहेस. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात तरी तत्त्वाला अर्धपोटी ठेवू नये. बाकी भाषा चांगली आहे. बापाची आहे.

म्हशीचे मला पटले. पण शंकेवर फादरांचा एवढा राग कशाला? हे असे का, असे आपल्या मागच्या कुणी विचारले नसते तर मी मास्तर झालो नसतो आणि तू ही पाने लिहिली नसतीस. शंका ही गरिबाच्या हातची काठी आहे. ती काढून घेऊ नका म्हणावे.

आता पान चौदा. तिथे माझे पेन कागदातून आरपार गेले. तू लिहिलेस की प्रत्येकाचा स्वधर्म ठरलेला असतो आणि तो पाळण्यातच त्याचे कल्याण असते. नीलू, हे वाक्य आपल्या घरात आधी येऊन गेले आहे. तुझ्या आजोबांना हेच ऐकवत असत. गावातले मेलेले ढोर ओढून नेणे हा तुझा स्वधर्म, तो तू पाळ, त्यातच तुझे भले. छप्पन साली ते नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्याच आठवड्यात एका बड्या शेतकऱ्याचा बैल मेला. माझे बाबा गेले नाहीत. तीन दिवस बैल पडून राहिला आणि आपल्या वस्तीचे विहिरीवरचे पाणी बंद झाले. फादरांचे तत्त्वज्ञान फिरून तिथेच येणार असेल तर त्याची मराठी मी सुधारणार नाही, आणि तूही ते काम सोडावेस असे मला वाटते.

तुझी आई म्हणते, बापलेकी कागदावर काहून भांडून राह्यले, दसऱ्याले ये म्हणा अन् समोर बसून भांडा.

राग शब्दावर आहे, तुझ्यावर नाही. लोभ जागेवर आहे.
तुझा,
बाबा


नागपूर,
११ ऑगस्ट २०२४

आदरणीय बाबा,
स. जयभीम वि. वि.

तुमचे पत्र मी फादरांना जसेच्या तसे वाचून दाखवले. पान चौदा त्यांच्या हातात दिले आणि फाटलेल्या जागेवर त्यांचे बोट ठेवले. दोन दिवस मला बोलावणे आले नाही. मला वाटले, गेली नोकरी.

तिसऱ्या दिवशी त्यांनी तुमच्यासाठी निरोप सांगितला. शब्द तुमच्या मुलीने घातला, पण तिने विचारले तेव्हा मी बरोबर म्हणालो, म्हणून चूक माझी. म्हैस म्हशीच्या जातीची असते, माणूस माणसाच्या जातीचा, त्याच्या आत दुसरी जात नाही. खरे काय ते कळावे, चांगले वागावे, कुणाच्या तरी जवळ असावे, हे त्या शेतकऱ्यात आणि आजोबांत सारखेच होते. ढोर ओढणे ही दुसऱ्याची सोय होती. सोयीला स्वभाव म्हणणे हे खोटे बोलणे झाले, आणि ते खोटे आमच्या लोकांनीही बोलून घेतले आहे, कितीतरी चर्चमध्ये जातीप्रमाणे बाक वेगळे होते, असेही ते स्वतःहून म्हणाले.

मग त्यांनी तुम्हालाच एक प्रश्न केला. माणूस म्हणून आधीपासून काही नसेलच, सगळे आपण किंवा सरकार ठरवणार असेल, तर आजोबा त्या दिवशी कशाच्या बळावर घरी बसले? माणसांनी दिलेले माणसे परतही घेतात. माणूस काय आहे हे आधी आणि हुकूम नंतर, असे आपण मानतो, म्हणून तर अन्यायाला अन्याय म्हणता येते. मला हे फार पटले, बाबा.

स्वधर्म हा शब्द सगळ्या पुस्तकातून काढायचा आहे. नवा शब्द तुम्ही द्यायचा, अशी फादरांची विनंती आहे. मी 'प्रकृती' लिहून पाहिला तर त्यांनी विचारले, कोण आजारी आहे? अर्थ असा हवा, की कुणी न ढकलता एखादी गोष्ट आतूनच आपल्या पूर्णपणाकडे जाते.

शब्द लवकर पाठवा, लोभ त्याच्याआधी पोचू द्या.
तुमची,
नीलिमा


केनवड,
५ सप्टेंबर २०२४

प्रिय नीलू,
स. जयभीम वि. वि.

तीन आठवडे शब्द शोधला. 'प्रवृत्ती' म्हटले की गुन्हेगार आठवतो, 'कल' म्हटले की मतमोजणी. शेवटी तुझ्या आईने दिला, तोही न मागता. आपले वासरू दावे तोडून गायीकडे पळाले. मी दोरी घेऊन मागे निघालो तर ती म्हणाली, बांधून काय फायदा, त्याले मायची ओढ हाय. मी दोरी घेऊन तसाच उभा राहिलो. ओढ.

लिहायला बसलो आणि हात अडला. तुझे आजोबा करत तेही ओढणेच. शब्दाचे मूळ एकच. दोन दिवस पेन उचलले नाही. मग ध्यानात आले, की ढोर ओढताना जड ते मागे असते आणि ओढ लागते तेव्हा जे हवे ते पुढे असते. बाबांनी ओढणे सोडले ते त्यांना ओढ लागली म्हणून. तेव्हा हा शब्द घे. मी देतो आहे पण आहे त्यांचाच.

फादरांच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. बाबांना माणूसपण कुणी बहाल केले नव्हते, ते आधीचेच होते. इतपत मी फादरांचे ऐकतो. शंकेच्या बाबतीत ऐकत नाही.

आता मास्तर म्हणून एक विचारतो. जुलैच्या पत्रात तू लिहिलेस, फादर म्हणतात, त्यांना वाटते. ऑगस्टच्या पत्रात एके ठिकाणी लिहिलेस, असे आपण मानतो. पस्तीस वर्षे मी सर्वनामे शिकवली. आपण म्हणजे कोण, नीलू? चुकून पडले असेल तर सांग, मी लाल करीन. चुकून नसेल तर तेही सांग.

लोभ आहे म्हणून विचारतो.
तुझा,
बाबा


नागपूर,
२२ सप्टेंबर २०२४

आदरणीय बाबा,
स. जयभीम वि. वि.

चुकून पडले नाही. लिहिताना माझ्या लक्षातही आले नाही, आणि तुमचे पत्र वाचून मी रडले, कारण ते खरे होते.

जुलैपासून मी रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. कुणी बोलावले नाही, कुणी आमिष दाखवले नाही. मी फादरांना सांगितले तेव्हा त्यांनी आधी विचारले, वडिलांना माहीत आहे का? पुस्तक पटले म्हणून मी जात नाही. पटलेले डोक्यात राहते. तिथे बसले की मी कुणाला तरी हवी होते म्हणून आहे, असे वाटते. याहून नीट मला लिहिता येत नाही.

ईस्टरला, म्हणजे २० एप्रिलला, बाप्तिस्मा घ्यावा असे मनात आहे. १४ एप्रिलला मी घरी येणार आणि दरवर्षीसारखी मिरवणुकीत चालणार, ते मी सोडणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर थांबेन. पण ओढ थांबेल असे खोटे कसे लिहू?

तुमच्या रागाची मला भीती नाही, गप्प बसण्याची आहे. लोभ कमी करू नका.
तुमची,
नीलिमा


नागपूर,
२ डिसेंबर २०२४

आदरणीय बाबा,
स. जयभीम वि. वि.

दोन महिने झाले. सतीशदादाने फोनवर सांगितले की तुम्ही जेवता, फिरता, पण माझे नाव निघाले की अंगणात जाता. वस्तीत तोंड कसे दाखवायचे, असेही तो म्हणाला.

पुस्तक निम्मे झाले आहे. रागावलेले पत्रसुद्धा चालेल, बाबा. नुसती चुकांची यादी पाठवलीत तरी मी ती जपून ठेवीन.
तुमची,
नीलिमा


केनवड,
२१ डिसेंबर २०२४

प्रिय नीलू,
स. जयभीम वि. वि.

उशीर झाला. राग होता, आणि त्याहून जास्त दुःख होते. छप्पन सालानंतर आपल्या घरात पुन्हा कुणाला काही बदलावेसे वाटेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हते. बाबांनी एवढे सोसून जे आणले ते पोरीला पुरले नाही, असे मनात येई आणि घास कडू लागे. सतीश म्हणाला, सरळ नाही म्हणा, ती ऐकेल. तू ऐकशील हे मलाही ठाऊक आहे. अडचण तीच झाली.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. दीक्षेहून आल्यावर बाबांनी घरातले देव टोपलीत घालून नदीला नेले, हे मी तुम्हा पोरांना मोठ्या अभिमानाने सांगत आलो. ती टोपली त्यांच्या आईची होती, हिरीबाईची. देवही तिचेच होते. ती ओट्यावर बसून पाहत राहिली. त्यानंतर ती अकरा वर्षे जगली. लेकाशी पेरणीचे बोलायची, पावसाचे बोलायची, त्याच्या ताटात भाकरी वाढायची. पण त्या दिवसाबद्दल तिने शेवटपर्यंत विचारले नाही आणि बाबांनीही सांगितले नाही. बाबा जायच्या आधी मला म्हणाले, मायनं एकडाव तरी इचारलं असतं, तुले तिथं काय भेटलं रे, तं मी दिवसभर सांगतलं असतं.

जवळजवळ तीन महिने मी हिरीबाईच्या जागी बसून होतो. तुझी आई म्हणाली, आता उठा.

मला पटलेले नाही, नीलू. कदाचित पटणारही नाही. हो म्हणत नाही. पण नाही म्हणून तुला थांबवून ठेवणे हे मला वासराच्या दाव्यासारखे वाटते, आणि ते माझ्या हातून होणार नाही. वस्तीत काय बोलायचे ते मी बोलेन, सतीशलाही मीच समजावीन.

नाताळ झाला की ये. तुझा लोभ माझ्याकडे आहे तसाच आहे, माझा तुझ्याकडे सांभाळून ठेव. आल्यावर माझ्या उजव्या कानाशी बस, घाई करू नकोस, सावकाश सांग. मी वाद घालणार नाही, फक्त ऐकीन. पोरी, तुले तिथं काय भेटलं?

तुझा,
बाबा